वळणदार सिमेंटकाम: या चुका टाळा

झाडाच्या खोडासारखा खांब, शंखासारखी पाण्याची टाकी, पाकळीसारखं छत. सातारा-सांगलीकडच्या फार्महाऊसला असलं काम काढायचं तर मालकाला पंधराव्या दिवशी रंगही लागलेला हवा असतो. बिघडतं ते याच घाईत.

पहिली चूक पाण्याची. फेरोसिमेंट म्हणजे लोखंडी जाळीवर माल थापून केलेलं पातळ कवच. त्याचा माल १ घमेलं सिमेंटला २ घमेली चाळलेली वाळू. ५० किलोच्या गोणीला पाणी २० लिटरच्या आसपास, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. मुठीत दाबल्यावर गोळा टिकावा, बोटांतून पाणी सुटू नये. हात हलका चालावा म्हणून माल पातळ केला की तो उभ्या जाळीवरून ओघळतो, मग थोपवायला वरून कोरडं सिमेंट भुरभुरतात. त्याचीच पुढे पापडी सुटते.

दुसरी त्याहून वाईट. माण-खटावच्या उन्हाळ्यातली ठरलेली हकिकत ऐका. सकाळी घुमट थापला, दुपारी गरम वारा सुटला, पाणी मारायचं ‘उद्या बघू’. संध्याकाळपर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. त्यावर पुट्टी फिरते, पुट्टीवर रंग. पहिल्या पावसात पाणी भेगांतून जाळीपर्यंत पोचतं, जाळी गंजून फुगते आणि माल ढलपे धरून पडतो. २५ मिलिमीटरच्या कवचात जाळीवर माल असतोच जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर. चूक लपवायला जागा कुठे? उन्हाळ्यात थापायचं ते ऊन कलल्यावर, आणि काम होताच ओलं गोणपाट. १४ दिवस ते वाळू द्यायचं नाही. ‘सात दिवस पुरे’ म्हणणारा गवंडी सहसा दुसऱ्या साइटवर निघालेला असतो.

माल एका बाजूने दाबताना मागे फळी धरायला माणूस हवा, नाहीतर आत पोकळ्या राहतात. वाळल्यावर हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. भद वाजलं तर तेवढं फोडा.

सांगलीच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं खारं पाणी मालात नको. पांढरा क्षार फुटतोच, जाळीही गंजते.

रंग २८ दिवसांनंतर. मालातच रंग घालायचा तर ऑक्साइड, म्हणजे सिमेंटात मिसळायची रंगपूड, तोही वजन करून, १ किलो सिमेंटला ५० ग्रॅम. मुठीने टाकला तर प्रत्येक घाण्याची छटा वेगळी. भडक पिवळ्याला पांढरं सिमेंट लागतं. प्रशियन निळा सिमेंटच्या अल्कलीत मरतो, स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. बसायच्या कट्ट्यावर मात्र रंग लावूच नका, फुटक्या टाइल्स बसवा. बार्सिलोनातल्या पार्क ग्वेलचा नागमोडी बाक तसाच केलाय.