डिस्क रिकामी, तरी ‘जागा नाही’: लिनक्सवर कॅमेरा आणि आवाज जुळवताना

दुसरा कॅमेरा जोडला, ओबीएसमध्ये (लाइव्ह आणि रेकॉर्डिंगचा प्रोग्राम) निवडला, आणि चौकट काळीच. लॉग उघडला तर एकच ओळ: ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. नवा माणूस इथे हमखास डिस्क तपासतो. तीनशे जीबी मोकळी असते, तरी जुनी रेकॉर्डिंग उडवतो, कचरापेटी रिकामी करतो, आणि धीर सुटला की अख्खी सिस्टिम नव्याने टाकतो. दुसरा कॅमेरा काळाच राहतो. कारण ही जागा डिस्कवरची नाहीच, ती यूएसबीच्या वाटेवरची आहे.

ज्यांना लिनक्स वापरता येतं, पॅकेज टाकता येतं आणि आता नाशकात मंडळाचं लाइव्ह, कीर्तन, क्लासचे तास असं काम हाती घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. २०२७च्या सिंहस्थापर्यंत असं काम मागणारे वाढतीलच. कमांडांची नावं उच्चाराप्रमाणे देतो आहे. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची.

आधी तो कॅमेऱ्याचा हिशोब, कारण सगळ्यात जास्त रात्री तोच खातो.

वेबकॅम चित्र साधारण दोन प्रकारे पाठवतो. ‘वाययूवायव्ही’ म्हणजे न दाबलेलं चित्र, दर पिक्सेलला २ बाइट. १९२० गुणिले १०८० गुणिले २ गुणिले ३० फ्रेम, म्हणजे सेकंदाला सुमारे १२४ एमबी. यूएसबी २ ची अख्खी वाट ४८० मेगाबिटची, म्हणजे ६० एमबी. मावणारच नाही. ‘एमजेपेग’मध्ये कॅमेरा प्रत्येक फ्रेम आतच जेपेग करून पाठवतो, ते मावतं.

पण ६० एमबीही पूर्ण मिळत नाहीत. कॅमेरा आणि साउंड इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी डबी) यांना डेटा ठरल्या वेळी हवा असतो, म्हणून ते वाट आधीच राखून ठेवतात. यूएसबी २ मध्ये अशा आरक्षणाला ८० टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे ४८ एमबी. एका कॅमेऱ्याला जास्तीत जास्त सुमारे २४.६ एमबी राखता येतात. १०८०ला वाययूवायव्ही निवडलं की बरेच कॅमेरे ५ फ्रेमच का देतात, ते इथे कळतं: ५ फ्रेमचे होतात २०.७ एमबी, तेवढेच त्या मर्यादेत बसतात. कॅमेरा खराब नसतो.

आता दोन कॅमेरे. दोघांनी कमाल मागितली तर ४९ एमबी होतात. मर्यादा ४८ ची. जेमतेम एका एमबीने दुसऱ्याचं आरक्षण हुकतं आणि कर्नल ‘जागा नाही’ म्हणतो. ‘पण मी तर एमजेपेग निवडलंय’ हे इथे कामाला येत नाही, कारण अनेक कॅमेरे एमजेपेगमध्येही कमालच मागून बसतात. पंचवटी एक्स्प्रेसच्या आरक्षित डब्यात सीट रिकामी दिसते, पण ती पुढच्या स्टेशनवरच्या माणसाच्या नावावर असते, तसंच हे. डेटा थोडाच जातो, वाट मात्र पूर्ण अडते.

हब लावून हे सुटत नाही. निळ्या पोर्टमध्ये घालूनही सुटत नाही. यूएसबी ३ च्या पोर्टमध्ये यूएसबी २ च्या तारा वेगळ्या असतात, आणि जुना कॅमेरा त्याच तारांवरून, त्याच ४८० मेगाबिटमध्ये चालतो. लॅपटॉपच्या डाव्या-उजव्या बाजूचे पोर्टही बहुतेक वेळा आत एकाच कंट्रोलरवर असतात. डोळ्यांनी दोन भोकं दिसतात, वाट एकच.

‘एलएसयूएसबी वजा टी’ चालवा. झाडासारखी यादी येते. दोन्ही कॅमेरे एकाच ‘बस’खाली दिसले आणि त्या ओळींच्या शेवटी ‘४८०एम’ असेल, तर निदान झालं. मग ‘सुडो डीमेसेज’ने कर्नलचा लॉग बघा. ‘नॉट इनफ बँडविड्थ’ असं वाक्य तिथे असेल तर शंकाच उरत नाही.

उपाय उतरत्या भरवशाने सांगतो. डेस्कटॉप असेल तर यूएसबीचं वेगळं पीसीआय एक्स्प्रेस कार्ड टाका आणि एक कॅमेरा त्यावर द्या. लॅपटॉप असेल तर दुसरा कॅमेरा एचडीएमआयमधून खऱ्या यूएसबी ३ कॅप्चर कार्डाने घ्या. झाडात त्याच्या ओळीच्या शेवटी ‘५०००एम’ दिसलं पाहिजे. दोन्ही जमत नसेल तर दोन्ही कॅमेरे एमजेपेग आणि १२८० बाय ७२० वर आणून बघा, काही कॅमेरे तेव्हा मागणी कमी करतात. काही करत नाहीत. यूव्हीसीव्हिडिओ (वेबकॅमचा ड्रायव्हर) मॉड्यूलला ‘क्वर्क्स बरोबर १२८’ द्या असा सल्ला सगळीकडे फिरतो. तो न दाबलेल्या चित्रासाठी आहे, एमजेपेगची मागणी त्याने घटत नाही. कोणता आकडा काय करतो हे माहीत नसताना तो टाकणं मला पटत नाही. पुढच्या बिघाडात तोच आडवा येतो आणि तेव्हा तो टाकल्याची आठवणही नसते.

कॅमेरा नेमकं काय देतो ते ‘व्ही४एल२ सीटीएल’ला ‘लिस्ट फॉरमॅट्स एक्स्ट’ हा पर्याय देऊन दिसतं. एका कॅमेऱ्याचे दोन ‘व्हिडिओ’ क्रमांक दिसले तर घाबरू नका. बहुतेक वेळा पहिल्यावर चित्र असतं, दुसऱ्यावर नुसती चित्राबद्दलची माहिती. दुसरा निवडला तर चित्र येणारच नाही.

खरेदीला एम. जी. रोडवर जाताना लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह आणि लॅपटॉप बरोबर न्या आणि वस्तू दुकानातच लावून बघा. चांगला दुकानदार याला नाही म्हणत नाही. कॅप्चर कार्डाच्या खोक्यावर ‘४के’ लिहिलेलं असतं आणि झाडात ते ‘४८०एम’ दिसतं, असं स्वस्त मालात सर्रास आढळतं. त्यात वाईट काही नाही, एका कॅमेऱ्याला ते पुरतंही. पण दुसरा कॅमेरा म्हणून ते घेतलंत तर पुन्हा त्याच वाटेवर याल.

आवाजाकडे वळू. इथे गडबड कमी आणि घबराट जास्त असते.

तीन थर लक्षात ठेवा: खाली कर्नलमधला अल्सा, मध्ये पाइपवायर, वर तुमचा प्रोग्राम. फेडोरा ३४ पासून, म्हणजे २०२१ पासून, आणि उबुंटू २२.१० पासून मधला थर पाइपवायरच आहे. ‘पीएसीटीएल इन्फो’ दिल्यावर सर्व्हरच्या नावात ‘पल्सऑडिओ (ऑन पाइपवायर)’ असं दिसतं आणि अर्धी ओळ वाचून माणूस पल्सऑडिओ (मधल्या थराचा जुना प्रोग्राम) काढायला निघतो. काढू नका. २०१० च्या दशकातले ‘पल्सऑडिओ उडवा, जॅक टाका’ (जॅक हा स्टुडिओकामासाठीचा तसाच प्रोग्राम) हे सल्ले त्या वेळी ठीक होते, आज ते चालती सिस्टिम मोडतात.

खालून वर जा. ‘ए-रेकॉर्ड वजा एल’मध्ये (लहान एल) इंटरफेस दिसतो का? दिसत नसेल तर वरचं काहीही बदलून उपयोग नाही, केबल बदला. फक्त चार्जिंगच्या केबली हुबेहूब डेटा केबलीसारख्या दिसतात. दिसत असेल तर ‘अल्सामिक्सर’ उघडा, एफ६ ने कार्ड निवडा, एफ४ ने कॅप्चर बघा. तिथे चॅनेलचं कॅप्चर बंद असेल तर स्पेसबार दाबून सुरू करा. त्यानंतर ‘पाव्हूकंट्रोल’च्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये कार्डाचं प्रोफाइल बघा. लॅपटॉपला एचडीएमआयने टीव्ही जोडला की आवाज गुपचूप टीव्हीकडे जातो, तो इथेच परत आणायचा. जास्त इनपुटांचा इंटरफेस असेल तर ‘प्रो ऑडिओ’ प्रोफाइल घ्या, सगळे चॅनेल सुटे मिळतात.

अडकलंच तर ‘सिस्टिमसीटीएल’ला ‘यूजर’ पर्याय देऊन पाइपवायर, पाइपवायर-पल्स आणि वायरप्लंबर तिन्ही रीस्टार्ट करा. सुडो लावू नका. या सेवा तुमच्या लॉगिनच्या आहेत, रूटच्या नाहीत.

आर्डरमध्ये (अनेक ट्रॅकच्या रेकॉर्डिंगचा प्रोग्राम) अल्सा थेट निवडलं की कार्ड आर्डरच्या ताब्यात जातं आणि ब्राउझर मुका होतो. हा बिघाड नाही. दोन्ही एकत्र हवे असतील तर पाइपवायरचं जॅक पॅकेज टाका आणि आर्डरला जॅक सांगा.

बफर, म्हणजे आवाज पुढे देण्याआधी थोडा साठवायची जागा, याबद्दल उगाच स्पर्धा चालते. ४८,००० हर्ट्झला २५६ फ्रेम (इथे चित्राच्या नव्हे, आवाजाचे नमुने) म्हणजे ५.३ मिलिसेकंद, १०२४ म्हणजे २१.३. लाइव्ह प्रक्षेपणाला १०२४ पुरतं. गायकाला स्वतःचा आवाज ऐकायचा असेल तर इंटरफेसवरचं ‘डायरेक्ट मॉनिटर’ बटण दाबा, तो आवाज संगणकात शिरतच नाही. ‘पीडब्ल्यू-टॉप’मध्ये ‘ईआरआर’चा (चुकांची मोजणी) आकडा वाढत असेल तर बफर वाढवा, आकडा स्थिर असेल तर हात लावू नका. ओबीएस, इंटरफेस, कॅमेरा सगळीकडे ४८,०००च ठेवा. ब्लूटूथ हेडसेटचा माइक कार्यक्रमात वापरू नका: माइक सुरू झाला की जोडणी फोनच्या प्रोफाइलवर जाते आणि ऐकू येणारा आवाजही डब्यातल्यासारखा होतो.

नाशिक ढोल रेकॉर्ड करायचा असेल तर वेगळा विचार करा. पथक समोर असताना प्रीअॅम्पच (माइकचा आवाज वाढवणारा इंटरफेसमधला भाग) फाटतो, आणि तिथे फाटलेला आवाज कुठलंही सॉफ्टवेअर शिवत नाही. डायनॅमिक माइक घ्या, इंटरफेसवर ‘पॅड’ (येणारा आवाज घटवणारं बटण) असेल तर दाबा, आणि सरावातल्या सगळ्यात जोरदार ठोक्याला मीटर उणे १२ डेसिबलपाशी थांबेल इतका गेन ठेवा. प्रत्यक्ष मिरवणुकीत पोरं सरावापेक्षा जोरात वाजवतात, ती मोकळी जागा त्यांच्यासाठी.

सभागृहाच्या मिक्सरमधून लाइन घेतली आणि हूं असा गुणगुणाट आला, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला तर तो अर्थिंगचा फेरा (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह) आहे, लिनक्सचा दोष नाही. मध्ये डीआय बॉक्स किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. प्लगची अर्थिंगची पिन काढायला कुणीही सांगितलं, कितीही अनुभवी असला, तरी ऐकायचं नाही. त्यात माणूस जातो.

शिकवणाऱ्यांबद्दलही स्पष्ट बोलतो. प्रश्न ऐकताच ‘रीइन्स्टॉल कर’ म्हणणारा तुम्हाला शिकवत नाही. ‘डीमेसेजमध्ये काय आलंय?’ असं विचारणारा शोधा, मग तो वयाने लहान असला तरी चालेल. ‘स्टुडिओ’ नावाच्या तयार लिनक्स वितरणांनीही फार काही जादू होत नाही; पॅकेजं आधीच टाकलेली असतात एवढंच, यूएसबीची वाट तेवढीच राहते. आणि हे सगळं एका बैठकीत डोक्यात शिरलं नाही तर खचू नका. एक कॅमेरा, एक माइक, एक लॅपटॉप एवढीच साखळी महिनाभर वापरली तरी निम्म्या ओळी ओळखीच्या होतात.

ओबीएसचा आभासी कॅमेरा हवा असेल तर ‘व्ही४एल२ लूपबॅक’ हे मॉड्यूल लागतं, आणि सिक्युअर बूट (मान्य सही नसलेलं मॉड्यूल अडवणारी सोय) सुरू असेल तर ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं उत्तर येतं. ती सही मान्य करून घ्यायला उबुंटूत हे मॉड्यूल इन्स्टॉल करताना पासवर्ड मागितला जातो. रीबूटनंतर निळा पडदा येतो आणि तिथे तोच पासवर्ड द्यायचा. पडदा साधारण १० सेकंदच थांबतो. म्हणून हे काम कार्यक्रमाच्या दिवशी नको, आदल्या आठवड्यात. त्याच आठवड्यात अख्खी मांडणी जोडून, मशीन रीबूट करून, सलग दोन तास चालवा. सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर एकेक टाळी वाजवा. ३० फ्रेममध्ये एक फ्रेम ३३ मिलिसेकंदांची असते. शेवटची टाळी पहिलीपेक्षा दोन-तीन फ्रेम सरकली असेल तर कॅमेरा आणि इंटरफेसची घड्याळं वेगळी धावताहेत. मग ओबीएसचा ‘सिंक ऑफसेट’ (आवाज चित्राशी मागेपुढे करायचा आकडा) मध्यंतरात पुन्हा लावावा लागणार, हे वहीत लिहून ठेवा.