फ्रेंच स्वर शिकताना इंग्रजीच्या सवयीतून होणाऱ्या या चुका टाळा

फ्रेंचमध्ये ‘मी संपवतो’ आणि ‘मी संपवलं’ या दोन वाक्यांत कानाला जाणवणारा फरक फक्त एका स्वराचा असतो. वर्तमानकाळात पहिलं अक्षर ‘झ’सारखं, ओठ किंचित गोल. भूतकाळात तेच ‘झे’. पुढचं ‘फिनी’ दोन्हीकडे अगदी सारखं. ‘पुस्तक’ आणि ‘पुस्तकं’ यांचंही तसंच आहे. अनेकवचनाचा एस लिहितात, पण उच्चारत नाहीत. ‘ल लीव्र’ म्हटलं की एक पुस्तक, ‘ले लीव्र’ म्हटलं की अनेक. म्हणजे काळ आणि वचन दोन्ही स्वरावर अवलंबून. म्हणून ‘आधी व्याकरण पक्कं करू, उच्चार नंतर बघू’ हा बेत मला पटत नाही. फ्रेंचमध्ये ही दोन कामं वेगळी काढताच येत नाहीत.

मराठी माणूस फ्रेंच शिकतो तेव्हा मध्ये इंग्रजी उभी असते. लिपी तीच, निम्मे शब्द ओळखीचे, त्यामुळे तोंड आपोआप इंग्रजी वळण घेतं. बहुतेक चुका अनोळखी स्वरांत होत नाहीत, ओळखीच्या वाटणाऱ्या स्वरांत होतात, आणि याला आधारही आहे. जेम्स फ्लेगे या अमेरिकन ध्वनिशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फ्रेंचचा भरपूर अनुभव असलेल्या इंग्रजी भाषकांना इंग्रजीत नसलेला फ्रेंच ‘यू’ चांगला जमत होता. ‘ओयू’ या जोडीचा, म्हणजे इंग्रजी ‘ऊ’सारखा वाटणारा स्वर मात्र त्यांचा फ्रेंच माणसांपेक्षा वेगळा येत होता. नवा आवाज कान नव्यानेच शिकतो. ओळखीचा वाटला की शिकायचं काही उरलंय हेच लक्षात येत नाही.

‘यू’ म्हणजे ‘यू’ नव्हे

‘तू’ या अर्थाचा फ्रेंच शब्द टी-यू असा लिहितात. इंग्रजीतल्या ‘म्युझिक’ची सवय असलेला माणूस तो ‘त्यू’ म्हणतो, वहीतही ‘त्यू’च लिहून ठेवतो आणि पुढे वही बघून पाठ करतो. या स्वरात ‘य’ कुठेही नाही, आणि तो ‘ऊ’सुद्धा नाही. कृती अशी: लांब ‘ई’ म्हणा. जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकलेलं राहू द्या. आता जीभ तसूभरही न हलवता ओठांचा चंबू करा. जो आवाज निघेल तोच तो स्वर.

तो बरोबर आलाय का, हे तपासायची सोपी खूण आहे. आवाज चालू ठेवून दोन बोटांनी ओठ बाजूला ताणा. स्पष्ट ‘ई’ ऐकू आला तर जीभ जागेवर आहे. अ-उच्या मधलं काहीतरी घशाकडून येत असेल, तर ओठ गोल करताना जीभ मागे सरकली. ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे आणि आरशात ती दिसत नाही, कारण ओठ बाहेरून बरोबरच दिसतात.

सरावाला ‘रस्ता’ (आर-यू-ई) आणि ‘चाक’ (आर-ओ-यू-ई) ही जोडी पुष्कळ ठिकाणी पहिली देतात. मी ती नंतरसाठी ठेवीन. फ्रेंच ‘आर’ घशात मागे होतो आणि जिभेलाही मागे खेचतो. सुरुवात ‘स’पासून करा: ‘सी, सी, सी’ म्हणत जा आणि मध्येच ओठ गोल करा. मग ‘त’, ‘ल’ घ्या, ‘आर’ शेवटी. जोडी हवीच असेल तर ‘वर’ आणि ‘खाली’ या अर्थांचे शब्द घ्या. एकाचं स्पेलिंग डी-ई-एस-एस-यू-एस, दुसऱ्यात यूच्या आधी एक ओ जास्त. स्वर चुकला की अर्थ उलटा होतो, त्यामुळे इथे चालढकल करता येत नाही.

शब्दकोशातली एक अडचणही सांगायला हवी. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत या स्वराची खूण वाय हे अक्षर आहे, आणि यू ही खूण ‘ओयू’च्या आवाजासाठी वापरतात. कंसातला यू बघून विद्यार्थी नेमका उलटा स्वर म्हणतात. ही एक गोष्ट आजच वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

‘ओयू’च्या बाबतीत मात्र मराठी माणसाला इंग्रजी भाषकापेक्षा सोपं जातं. आजच्या इंग्रजीत ‘ऊ’ म्हणताना अनेकांची जीभ बरीच पुढे असते, त्यामुळे त्यांचा ‘ओयू’ फ्रेंच कानाला ‘यू’च्या जवळचा वाटू शकतो. आपला ‘दूध’मधला ‘ऊ’ मागेच असतो. तोच घ्या, फक्त ओठ अधिक घट्ट गोल करा.

‘ईयू’ची जोडी

वरची कृती जमली असेल तर आणखी दोन स्वर हातात आलेच. ‘ए’ म्हणा, जीभ तशीच ठेवून ओठ गोल करा: ‘थोडं’ या अर्थाच्या पी-ई-यू या शब्दाचा स्वर मिळतो. जबडा थोडा जास्त उघडून तेच करा: ‘भीती’ या अर्थाच्या पी-ई-यू-आर या शब्दातला स्वर. इंग्रजीची सवय इथे ‘हर’, ‘बर्ड’ यांतला स्वर पुढे करते. तो जवळचा वाटतो, पण ओठ सैल राहतात आणि सगळा शब्दच ढिला पडतो.

मिटलेला कुठे आणि उघडा कुठे? स्वरावरच अक्षर संपत असेल किंवा पुढे ‘झ’चा आवाज असेल तर मिटलेला. पुढे आर, एफ, एल यांसारखं व्यंजन उच्चारलं जात असेल तर साधारणपणे उघडा. ‘अंडं’ या शब्दात हा नियम फार छान दिसतो. एकवचनात शेवटचा एफ ऐकू येतो आणि स्वर उघडा असतो. अनेकवचनात एफ-एस दोन्ही गप्प होतात आणि स्वर मिटतो. एक अपवाद लक्षात असू द्या: ‘असणे, जवळ असणे’ या क्रियापदाचं भूतकाळी रूप ई-यू असंच लिहितात, पण उच्चार नुसत्या ‘यू’चा, वर सांगितलेल्या पहिल्या स्वराचा.

घसरणारे ‘ए’ आणि ‘ओ’

इंग्रजीत ‘से’ म्हणताना शेवटी बारीक ‘इ’ येतो, ‘गो’ म्हणताना बारीक ‘उ’. जबडा स्वर चालू असतानाच हलतो. फ्रेंचमध्ये तो हलता कामा नये. गंमत म्हणजे मराठीतले ‘केर’ आणि ‘मोर’ यांतले स्वर आधीच असे स्थिर आहेत. अडचण येते ती फर्डं इंग्रजी बोलायची सवय झाल्यावर. ‘चहा’साठीचा फ्रेंच शब्द ‘ते’ असाच, पूर्ण मराठी ‘ए’ने म्हणा. हनुवटीवर बोट ठेवा, स्वर संपेपर्यंत बोट हललं नाही की झालं.

स्पेलिंगचं थोडक्यात: ए-यू म्हणजे ‘ओ’, ‘औ’ नाही. ई-ए-यू म्हणजेही ‘ओ’च. ए-आय म्हणजे उघडा ‘ए’, ‘ऐ’ नाही. ओ-आय म्हणजे ‘वा’. उघड्या ‘ए’साठी ‘बॅट’मधला ‘ॲ’ वापरू नका, तो जरुरीपेक्षा जास्त उघडा आहे.

अनुनासिक स्वर: ‘न’ कुठून आला?

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. ‘चांगला’ या अर्थाचा बी-ओ-एन हा शब्द इंग्रजी वळणाने ‘बॉन’ होतो. पण ‘बॉन’ हे त्याचं स्त्रीलिंगी रूप आहे. पुल्लिंगात ‘न’ अजिबात नाही, फक्त नाकातून आलेला ‘ओ’ आहे. एका ‘न’ने लिंग बदलतं.

मराठी माणसाची यात आणखी एक स्वतंत्र चूक असते, ती इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत सापडणार नाही. आपला अनुस्वार पुढच्या व्यंजनाप्रमाणे बदलतो. ‘अंक’मध्ये ङ्, ‘अंत’मध्ये न्, ‘चिंब’मध्ये म्. हीच सवय घेऊन ‘दिवा’, ‘मावशी’ आणि ‘बँक’ यांचे फ्रेंच शब्द आपण ‘लाम्प’, ‘तान्त’, ‘बाङ्क’ असे म्हणतो. तिन्हींत मधलं व्यंजन चूक आहे. ओठ ‘प’साठी मिटेपर्यंत, जीभ ‘त’साठी दाताला लागेपर्यंत तोंड उघडंच हवं. योग्य नमुना हिंदीत आहे: ‘हाँ’, ‘माँ’. तिथे स्वर नाकातून येतो आणि जीभ कशालाच टेकत नाही. शब्दाच्या शेवटी स्वर लांबवा आणि जिभेचं टोक कुठे आहे ते बघा. वर टेकलं असेल तर ‘न’ शिरला.

दुसरी चूक म्हणजे तिन्ही अनुनासिक एकसारखे म्हणणं. ‘स्नान’ (बी-ए-आय-एन), ‘बाक’ (बी-ए-एन-सी) आणि ‘चांगला’ यांत शेवटचं व्यंजन नाहीच. फरक फक्त स्वराचा. तो ओठांवर बघा: पहिल्यात ओठ पसरलेले, दुसऱ्यात जबडा खाली आणि तोंड मोठं, तिसऱ्यात ओठ आवळून गोल. पॅरिसकडच्या बोलीत ‘बाक’चा स्वर ‘ओ’कडे झुकलेला असतो, म्हणून तो ‘चांगला’सारखा ऐकू येतो. कान फसला तर बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघा.

चौथा अनुनासिक ‘एक’ या अर्थाच्या यू-एन शब्दात आहे. पॅरिसमध्ये बहुतेक लोक तो ‘स्नान’च्या स्वरासारखाच म्हणतात. दक्षिण फ्रान्समध्ये आणि क्वेबेकमध्ये तो वेगळा टिकून आहे. ‘एक चांगली पांढरी वाइन’ या चार फ्रेंच शब्दांत चारही अनुनासिक येतात, म्हणून सरावासाठी हे वाक्य शिक्षकांचं आवडतं आहे. दक्षिणेकडच्या बोलण्यात अनुनासिकामागे हलका ‘ङ्’ ऐकू येतो. तो अस्सलच आहे, पण सुरुवातीला एकाच प्रांताचा उच्चार धरा.

आणि एन किंवा एम दिसला की नाकात बोलायचं, असंही नाही. पुढे स्वर असेल किंवा ते अक्षर दुहेरी असेल तर सहसा स्वर साधाच राहतो: ‘मित्र’ म्हणजे सरळ ‘आमी’.

गिळलेले स्वर

इंग्रजीत आघात नसलेला स्वर पुसट होतो. ‘कॅनडा’मधला पहिला ‘ए’ ठळक, बाकीचे दोन अर्धवट. फ्रेंचमध्ये त्याच नावात तीन सारखे, पूर्ण ‘आ’ हवेत: ‘कानादा’. लांब शब्द आला की प्रत्येक अक्षर टाळी वाजवून म्हणा. टाळीचा ताल अडखळला की एखादा स्वर गिळलाय असं समजा.

फ्रेंचमध्ये गळतो तो एकच, ‘ल’, ‘झ’ यांसारख्या छोट्या शब्दांतला पुसट ई. ‘शनिवार’ लिहिताना तो मध्ये असतो, बोलताना ‘सामदी’ होतं. जिथे उच्चारायचा तिथे मराठी ‘अ’ चालत नाही, ओठ थोडे गोल हवेत. आणि तो ‘ए’ होऊ देऊ नका, नाहीतर एका पुस्तकाची अनेक पुस्तकं होतील.

करूनही जमत नसेल तर

बोलणं थांबवा आणि आधी ऐका. जोडीतला कुठला शब्द उच्चारला हे डोळे मिटून ओळखता येत नसेल, तर तोंडाकडून अपेक्षा करण्यात अर्थ नाही. ऑनलाइन शब्दकोशांत मूळ भाषकांचे आवाज असतात. जोडीतले दोन्ही शब्द उलटसुलट लावून कुणाला तरी परीक्षा घ्यायला सांगा. मग स्वतःचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून लगेच मूळ आवाजाशेजारी ऐका. वाक्य नको, एकच शब्द.

एकटा स्वर बरोबर येतो पण वाक्यात बिघडतो, अशी तक्रार असेल तर शब्द मागून जोडत जा: शेवटचं अक्षर, मग शेवटची दोन, मग तीन. फ्रेंचमध्ये जोर शब्दसमूहाच्या शेवटी येतो, त्यामुळे शेवटचा स्वर आधी नीट बसला की मागचे त्याच्या वळणाने येतात.

‘लुई’ हे नाव आणि ‘त्याला’ या अर्थाचा एल-यू-आय हा शब्द यांची जोडी मात्र इतक्यात घेऊ नका. पहिल्याची सुरुवात ‘ओयू’च्या जागेवरून झटकन ‘ई’कडे जाते, दुसऱ्याची ‘यू’च्या जागेवरून. ‘यू’ पक्का होण्याआधी ही जोडी घेतली तर दोन्ही शब्द ‘लुई’च होतात आणि तीच सवय लागते.