लाईट गेल्यावर चालू व्हीएम दुसऱ्या सर्व्हरवर हलवताना

पावसाळ्यात कोकणात लाईट जाणार, हे धरूनच चालावं लागतं. पतसंस्थेत किंवा काजू कारखान्याच्या ऑफिसात प्रॉक्समॉक्सचे (एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) दोन सर्व्हर एकाच यूपीएसवर असतील, तर सगळ्या व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, एकावर आणून दुसरा बंद करायचा. बॅटरी बरीच जास्त पुरते. व्हीएम बंद न करता हे जमतं, पण तयारी मे महिन्यातच उरकलेली हवी. पहिली अट साधी: सगळ्यांची रॅम मिळून एका सर्व्हरमध्ये मावली पाहिजे.

व्हीएम चालू असतानाच तिची रॅम पलीकडे कॉपी होते. तेवढ्यात बदललेला भाग पुन्हा जातो, मग त्यानंतर बदललेला. शिल्लक अगदी थोडी उरली की व्हीएम क्षणभर थांबते आणि पलीकडे सुरू होते. एक गिगाबिटच्या लिंकवर ८ जीबी रॅमला साधारण ७० ते ७५ सेकंद लागतात. अशा तीन व्हीएम म्हणजे जवळजवळ चार मिनिटं. डेटाबेस जोरात लिहीत असेल तर जास्त.

इथे खाऱ्या हवेचा त्रास आहे. केबलच्या टोकांना गंज चढला की लिंक गुपचूप १०० मेगाबिटवर उतरते, आणि तेच ८ जीबी बारा मिनिटं खातात. रॅम बदलण्याचा वेग केबलच्या वेगापेक्षा जास्त झाला तर काम संपता संपत नाही. लिनक्सच्या ‘इथटूल’ कमांडने स्पीड बघा, टोकं बदला. जमलं तर दोन सर्व्हरमध्ये १० गिगाबिटची थेट केबल टाका आणि मायग्रेशनचं (व्हीएम हलवण्याचं) नेटवर्क तिच्यावर वळवा.

डिस्कचं गणित वेगळं. २०० जीबीची लोकल डिस्क एक गिगाबिटवर अर्धा तास घेते. एवढा यूपीएस कुणाकडे असतो? म्हणून दोन्हीकडे एकाच नावाचा झेडएफएस पूल (डिस्कची एकत्र साठवण) करून रेप्लिकेशन लावा, म्हणजे डिस्कची प्रत पलीकडे आधीच तयार राहते. मूळ सेटिंग दर १५ मिनिटांचं असतं. मग ऐनवेळी फक्त फरक जातो.

व्हीएमच्या सेटिंगमध्ये सीपीयूचा प्रकार ‘होस्ट’ (त्या सर्व्हरचा प्रोसेसर जसाच्या तसा) ठेवून नव्या सर्व्हरवरची व्हीएम जुन्यावर नेली तर ती पलीकडे लटकू शकते. दोन्ही प्रोसेसरना झेपेल असा ‘एक्स८६-६४-व्ही२-एईएस’ प्रकार निवडा. हा बदल आतून रीस्टार्ट करून लागत नाही. व्हीएम पूर्ण बंद करून सुरू करावी लागते. लोकल स्टोरेजवरची आयएसओ (सीडीची फाइल) व्हीएमच्या सीडी ड्राइव्हमध्ये राहिली असेल तर मायग्रेशन नाकारलं जातं, ती काढा. पलीकडच्या स्विच पोर्टवर तोच व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा केलेला भाग) नसेल तर व्हीएम पोचते, पण नेट गायब.

आता व्हीएमवर राइट क्लिक, ‘मायग्रेट’, सर्व्हर निवडा. बाजूला पिंग चालू ठेवा. एखाददुसरं पॅकेट गळलं तर चालतं. मध्येच केबल सुटली तर घाबरू नका, व्हीएम जुन्या जागी चालूच राहते.

फसगत होते ती कोरमची, म्हणजे सर्व्हरांच्या मतांच्या बहुमताची. दोनच नोड (सर्व्हर) असतील आणि एक बंद केला, तर उरलेल्याचं बहुमत जातं: चालू व्हीएम चालतात, पण नवी सुरू होत नाही, सेटिंग बदलत नाही. एचए (सर्व्हर पडला तर व्हीएम दुसरीकडे आपोआप सुरू करणारी सोय) लावलेलं असेल तर तो स्वतःच रीबूट होतो. तिसरं मत म्हणून रास्पबेरी पायसारख्या छोट्या मशीनवर क्यूडिव्हाइस (फक्त मत देणारा प्रोग्राम) ठेवा. तीही आणि स्विचही यूपीएसवरच.

कंटेनरबद्दल (व्हीएमपेक्षा हलका, सर्व्हरचंच कर्नेल वापरणारा प्रकार) गैरसमज फार. प्रॉक्समॉक्समध्ये त्याचा एलएक्ससी कंटेनर बंद होतो, हलतो, पुन्हा सुरू होतो, लाइव्ह नाही. पॉडमन हा कंटेनर चालवणारा दुसरा प्रोग्राम ‘क्रिऊ’ या टूलच्या मदतीने चालू कंटेनर गोठवून फाइल करतो आणि ती दुसरीकडे उघडता येते, पण तेवढा वेळ तो थांबतोच, शिवाय चालू टीसीपी जोडण्यांसाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो. आमचं मत सरळ आहे: थांबून चालणार नाही असे कंटेनर व्हीएमच्या आत ठेवा आणि व्हीएमच हलवा.

हे बॅकअपच्या जागी धरू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात शिरलं तसं पाणी सर्व्हरमध्ये शिरल्यावर कॉपी करायला काही उरत नाही. तळमजल्यावरच्या व्हीएम पाणी चढायच्या आधीच वर न्यायच्या.

लाईट आली की लगेच दुसरा सर्व्हर चालू करू नका. ती दोनचारदा ये-जा करते. अर्धा तास थांबा, बॅटरी थोडी भरू द्या, मग तो चालू करा, रेप्लिकेशन एकदा पूर्ण झालेलं बघा आणि मग एकेक व्हीएम परत न्या.