मावशीच्या लॅपटॉपवर कुठलं लिनक्स?

सदाशिव पेठेतल्या मावशीचा लॅपटॉप दहा वर्षांचा, रॅम ४ जीबी. विंडोज उघडेपर्यंत तिचा चहा गार व्हायचा. मी म्हटलं, विंडोजऐवजी लिनक्स टाकू; ती फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम, तिचे प्रकार अनेक. "लिनक्स टाक म्हणतोस, पण कुठलं?" ती म्हणाली.

आधी काम विचारा. तिचं काम: भिशीचा हिशेब, बँक, नातवाशी व्हिडिओ कॉल. मग प्रोसेसर बघा. जुन्या ३२ बिट पद्धतीचा असेल तर लिनक्सचे उबुंटू, मिंट हे प्रकार विसरा. डेबियन हा प्रकारही आवृत्ती १२ पर्यंतच, १३ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर नाही. मावशीचा ६४ बिटचा निघाला.

खरी गोम आवृत्तीच्या आकड्यांत आहे. उबुंटू २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. सम वर्षी एप्रिलमध्ये येते ती एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती; तिला पाच वर्षं अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांना जेमतेम नऊ महिने. मी एकदा हौसेनं मधली टाकली आणि ऐन गणपतीत, मोदक सोडून, सगळं पुन्हा बसवत बसलो. नवं ते चांगलं, हे इथं चालत नाही.

मावशीला मिंट २२ दिलं. ते उबुंटू २४.०४ वरच बेतलेलं, अपडेट २०२९ पर्यंत. मिंटचे डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावरचं रूप, निरनिराळे: सिनॅमन देखणं, पण ४ जीबीला हलकं एक्सएफसीईच बरं.

डिस्क पुसण्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवा. वायफाय, कॅमेरा, स्पीकर, मराठी टायपिंग तपासा. आमचं वायफाय दिसेचना. मोबाइल यूएसबीनं जोडून नेट घेतलं, वायफायसारख्या भागांचे ड्रायव्हर बसवणारा मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडला, पाच मिनिटांत काम झालं.

आणि पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तापकीर गल्लीतून, एक एसएसडी आणा; जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क. चहा गरम राहतो.