अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी मोबाइलवरील दाबव्रण-साधन कसे वापरावे

एकाच जागी सतत दाब पडून त्वचेला होणारी जखम म्हणजे दाबव्रण. त्याचा धोका गुणांत मोजणाऱ्या ब्रेडन मापनपट्टीवर आधारलेले साधन उघडण्यापूर्वी रुग्णाचे माकडहाड, खुबे आणि टाचा चांगल्या उजेडात स्वतः तपासाव्यात, कारण आपण भरलेल्या माहितीपलीकडचे साधनाला काहीच दिसत नाही. संवेदना, ओलावा, चालणे-फिरणे, अंथरुणातील हालचाल, आहार आणि घर्षण यांचे मिळून 6 ते 23 गुण होतात. 18 किंवा त्याहून कमी गुण आल्यास धोका आहे असे समजावे.

ओलाव्याचा गुण भरताना घाई करू नये, माझ्या मते घरी हाच गुण सर्वाधिक चुकतो. परभणी-लातूरकडच्या वैशाखात रुग्णाच्या अंगाखालची गोधडी घामाने भिजते, तेव्हा हिवाळ्यात भरलेला गुण ग्राह्य धरता येत नाही. तो नव्याने भरावा.

कूस बदलण्याचा गजर सुरुवातीला दर 2 तासांनी लावावा आणि पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात. दाबल्यावरही फिका न पडणारा लाल डाग ही दाबव्रणाची पहिली पायरी असते, पण सावळ्या त्वचेवर लाली लपते, म्हणून ऊब आणि कडकपणा हाताने चाचपावा. साधनाने धोका कमी दाखवला तरी असा डाग आढळल्यास त्यावर मालिश न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.