दोन पेपर, एकाच माणसाच्या माथी: जूनआधीची तयारी

आंतरराष्ट्रीय संबंध आणि संशोधन पद्धती हे एम.ए.चे दोन्ही पेपर अनेकदा एकाच माणसाच्या माथी येतात, त्यातून तो नवा आणि सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) असेल तर हमखास. ऑर्डर हातात पडायची वाट बघू नका. आणि दोन पेपरांच्या दोन वह्या घालू नका, एकच घाला. का, ते पुढे कळेल.

आधी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून चालू अभ्यासक्रम उतरवून घ्या. विभागाच्या कपाटातली झेरॉक्स नवीन शैक्षणिक धोरणाच्या आधीची असू शकते. ४ क्रेडिट म्हणजे कागदावर ६० तास. त्यातून आषाढी, गणपती, दिवाळी वजा करा, पेपर सम सत्रात असेल तर गड्ड्याचे, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेचे दिवस. टीचिंग प्लॅन ६० तासांचाच द्यावा लागतो, पण मनातला हिशेब कमी तासांचा ठेवा.

आता खरं काम. आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धांत वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद अशा क्रमाने मांडून फळा भरत गेलात तर तिसऱ्या आठवड्यात वर्ग गाइडवर जातो. त्याऐवजी एक मतदान छापून घ्या. युक्रेनवरील आक्रमणाबद्दल २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत झालेलं. ठरावाच्या बाजूने १४१, विरोधात ५, तटस्थ ३५. भारत तटस्थ. सोबत भारताच्या प्रतिनिधीने केलेलं निवेदनही छापा. मग प्रत्येक सिद्धांताला एकच प्रश्न विचारा: भारत तटस्थ का राहिला? कुणी रशियाकडून येणाऱ्या शस्त्रांकडे बोट दाखवेल, कुणी अलिप्ततेच्या परंपरेकडे, आणि मग वाद आपोआप पेटेल.

तोच कागद दुसऱ्या दिवशी संशोधन पद्धतीच्या तासाला काढा. सदस्य देश १९३, बेरीज भरते १८१. उरलेले १२ मतदानातच नव्हते. त्यांना तटस्थांच्या खान्यात टाकायचं, वगळायचं, की वेगळा खाना करायचा? कार्यात्मक व्याख्या (संकल्पना मोजता येईल अशी मांडणं) आणि संकेतन (उत्तरांना खाने-आकडे देणं) यांवर अख्खा तास पाठांतराशिवाय निघतो. याच जातीचं दुसरं उदाहरण हाताशी ठेवा: युद्धांची मोजदाद करणारा ‘कोरिलेट्स ऑफ वॉर’ प्रकल्प साधारण १००० लढाईतल्या मृत्यूंखाली युद्ध धरत नाही, तर उप्साला विद्यापीठाचा संग्रह वर्षाला २५ मृत्यूंपासून सशस्त्र संघर्ष मोजू लागतो. मग १९६७चा भारत-चीनमधला नथू लाचा संघर्ष कशात घालायचा, हे मुलांनाच ठरवू द्या.

नमुना निवडीसाठी १९३६ची अमेरिकेतली अध्यक्षीय निवडणूक पुरेशी आहे. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांनी रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार म्हणून सांगितलं. रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यांत जिंकले. हे शिकवून झालं की लगेच बजावा: स्वतःच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकून ‘सोलापूरच्या मतदारांचा कल’ लिहायचा नाही. तरी दोघंतिघं लिहितातच.

स्थानिक धागे आधीच शोधून ठेवा. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १९३८मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४२मध्ये तिथेच वारले. भारत-चीन संबंध शिकवताना त्यांच्या स्मारकाला भेट ठेवता येते, मात्र वेळ आधी विचारून घ्या. माझ्या मते त्याहून कसदार विषय डाळिंब आहे. युरोपात माल पाठवताना कीटकनाशकांच्या अंशाची मर्यादा पाळावी लागते. जागतिक व्यापाराचे नियम सांगोल्याच्या बागेपर्यंत कसे येतात, हे त्यातून दिसतं, आणि वर्गातल्या एखाद्याच्या घरीच बाग असते. सोलापूरच्या टेरी टॉवेलच्या निर्यातीवरही चांगला लघुप्रबंध होईल.

सॉफ्टवेअरची धास्ती घेऊ नका. एक्सेलमध्ये छेद-सारणी (क्रॉस-टॅब) आणि काय-वर्ग (chi-square) चाचणी होते, हवंच असेल तर पीएसपीपी हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट आहे. लॅब तेवढी आधी मागून ठेवा. यूजीसीच्या वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे सांगा. मात्र मला त्या आकड्यापेक्षा पाच मिनिटांची तोंडी जास्त भरवशाची वाटते.

सर्वेक्षणाला मुलं पाठवायची तर सोलापूर शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारा आणि अक्कलकोटकडे कन्नड बोलणारा जोडीदार द्या. विडी वळणाऱ्या बायकांची मुलाखत त्यांचे हात न थांबवता घ्यावी लागते, म्हणून प्रश्न आखूड हवेत. संमती आधी, नाव-पत्ता फॉर्मवर नको. त्या पेठेत नळाला पाणी कधी येतं ते विचारून घ्या, त्या वेळी कुणाला सवड नसते. आणि पहिले दहा फॉर्म भरून, कुठे अडखळलं ते बघितल्याशिवाय उरलेल्या झेरॉक्स काढू नका.