अलामान्सचा उठाव खानदेशातील श्रोत्यांना कसा सांगावा

उत्तर कॅरोलिना या ब्रिटिश वसाहतीच्या पश्चिमेकडील अंतर्भागातले शेतकरी १७६५ ते १७७१ या काळात स्थानिक अधिकाऱ्यांविरुद्ध उभे राहिले; ते स्वतःला ‘रेग्युलेटर’ म्हणवत. त्यांच्यावर जळगाव, धुळे किंवा नंदुरबारकडील एखाद्या वाचनालयात तासाभराचे व्याख्यान द्यायचे असेल, तर सुरुवात लढाईपासून करू नये. अलामान्सची लढाई दोन-एक तासांत संपली. तिच्यामागचे भांडण मात्र सहा वर्षे कचेरीच्या ओट्यावर चालले होते, आणि खानदेशातील श्रोत्याला कचेरी समजावून सांगावी लागत नाही.

म्हणून आधी फीचा विषय घ्यावा. ऑरेंज परगण्यातील दस्तनोंदणीचे काम एडमंड फॅनिंग या वकिलाकडे होते. नोंदणीची, दाव्याची आणि नकलेची फी कायद्याने ठरलेली होती, परंतु एकाच कामाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची वेगळी फी लावण्याची रीत अधिकाऱ्यांत रूढ झाली होती. जमीन नावावर करून घेतल्याशिवाय शेतकऱ्याला गत्यंतर नसे, त्यामुळे तो मागितले तेवढे देत असे. १७६८ साली फॅनिंगवर जादा फी घेतल्याचा खटला चालला, तो दोषी ठरला आणि प्रत्येक गुन्ह्यासाठी त्याला एक पेनी दंड झाला. हे वाक्य सांगून वक्त्याने क्षणभर थांबावे; त्यावर भाष्य करण्याची गरज पडत नाही.

त्यानंतर कराकडे वळावे. वसाहतीत मुख्य कर डोईपट्टीचा होता, म्हणजे किनाऱ्यावरील मोठा मळेवाला आणि अंतर्भागातील चार एकरांचा धनी यांना माणशी सारखीच रक्कम पडे. ती वसूल करणारे शेरीफ स्वतःच पैसा दाबून ठेवत. गव्हर्नर विल्यम ट्रायन याने १७६७ मध्ये लिहून ठेवले आहे की, शेरीफांनी वसूल करायच्या सरकारी पैशापैकी निम्म्याहून अधिक रक्कम गिळंकृत केली आहे. ज्याने पुढे तोफा आणल्या त्याचीच ही कबुली असल्याने व्याख्यानात ती अवश्य वाचून दाखवावी. त्यातच १७६४ च्या ब्रिटिश कायद्याने वसाहतींच्या कागदी चलनावर बंधने घातली होती, त्यामुळे धान्य आहे, गुरे आहेत, पण भरायला रोकड नाही अशी स्थिती झाली आणि जप्त्या सुरू झाल्या. याच काळात न्यू बर्न येथे गव्हर्नरच्या वाड्यासाठी एकूण पंधरा हजार पौंड मंजूर झाले आणि त्याचा भार पुन्हा डोईपट्टीवर आला.

एप्रिल १७६८ मधील घोडीचा प्रसंग सविस्तर सांगावा. थकलेल्या करापोटी शेरीफने एका शेतकऱ्याची घोडी, खोगीर आणि लगाम जप्त केला. तेव्हा शेतकरी जमावाने हिल्सबरो गावात शिरले, घोडी सोडवून घेऊन गेले आणि जाताना फॅनिंगच्या घरावर गोळ्या झाडून गेले. उसाचे पीक उभे असताना दारची बैलजोडी जप्त झालेली ज्यांच्या आजोबांनी पाहिली आहे, त्यांना या घोडीची किंमत पौंडांत सांगावी लागणार नाही.

मात्र हे लोक पहिल्या दिवसापासून दंगेखोर होते असा समज होऊ देऊ नये. १७६६ साली सँडी क्रीक परिसरातील शेतकऱ्यांनी, ज्यांत हर्मन हजबंड हा क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथातून आलेला शेतकरी प्रमुख होता, सभा बोलावल्या, जाहीरनामे काढले आणि अधिकाऱ्यांना हिशेब देण्यासाठी बोलावले. अधिकारी आले नाहीत. अर्ज, विनंत्या आणि खटले यांतून काही निष्पन्न झाले नाही, तेव्हा सप्टेंबर १७७० मध्ये जमावाने हिल्सबरोचे न्यायालय ताब्यात घेतले, फॅनिंगला फरफटत बाहेर आणून चाबकाने मारले आणि दुसऱ्या दिवशी त्याचे घर पाडले. हा भाग रंगवून सांगण्याचा मोह होतो. मी तो चार वाक्यांत उरकावा असे सुचवीन, कारण टाळ्या तिथे पडल्या की पुढचे कोणी नीट ऐकत नाही.

तुलना करताना सर्वाधिक काळजी घ्यावी लागते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत कोणीतरी हमखास खाजा नाईकांचे नाव घेईल. त्या आदराला धक्का न लावता वक्त्याने सांगावे की भिल्लांचा लढा ज्यांचे डोंगर आणि घाट गेले त्यांचा होता, तर कॅरोलिनातील हे शेतकरी मूळ रहिवाशांच्या भूमीवर येऊन वसलेले होते आणि त्यांच्यातील काहींच्या घरी गुलामही होते. त्यापेक्षा जवळचे उदाहरण १८५२ चे आहे. त्या वर्षी सावदा, रावेर, चोपडा या भागांत शेतकऱ्यांनी इंग्रजांच्या नव्या जमीनमोजणीला विरोध केला आणि सरकारने तो बळाने मोडून काढला. तरीही फरक सांगावाच: आपल्याकडे भांडण नव्या मोजणीशी होते, तिकडे जुन्याच कायद्याप्रमाणे वागा अशी मागणी होती. दक्षिण कॅरोलिनातील याच नावाच्या चळवळीशीही गल्लत करू नये. तिकडच्या लोकांना दरोडेखोरांच्या बंदोबस्तासाठी अधिक न्यायालये हवी होती.

लढाईला दहा मिनिटे पुरतात. १६ मे १७७१ रोजी सुमारे दोन हजार शेतकरी, ज्यांच्याकडे ना सेनापती होता ना तोफा, ट्रायनच्या सुमारे हजार शिस्तबद्ध शिपायांसमोर उभे राहिले आणि मोडले. जेम्स फ्यू याला खटल्याविना रणांगणावरच फाशी दिले गेले, तर १९ जूनला हिल्सबरो येथे आणखी सहा जणांना. सहा हजारांहून अधिक लोकांनी राजनिष्ठेची शपथ घेतली. ही अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली लढाई होती असे काही ठिकाणी लिहिलेले आढळते, पण वक्त्याने ते उचलू नये. ट्रायनच्या फौजेतील अनेक जण पुढे स्वातंत्र्याच्या बाजूने लढले आणि पराभूत शेतकऱ्यांपैकी कित्येक जण त्या युद्धात राजाकडे राहिले किंवा तटस्थ बसले.

शेवटी प्रश्नोत्तरांत फॅनिंगचे काय झाले हे कोणीतरी विचारतेच, म्हणून उत्तर तयार ठेवावे. तो ट्रायनबरोबर न्यूयॉर्कला गेला, स्वातंत्र्ययुद्धात राजाच्या बाजूने लढला आणि पुढे आज कॅनडात असलेल्या प्रिन्स एडवर्ड बेटाचा अनेक वर्षे कारभारी राहिला. हजबंड लढाई सुरू होण्यापूर्वीच निघून पेनसिल्व्हेनियात गेला, १७९४ च्या मद्यकराविरुद्धच्या उठावात पुन्हा पकडला गेला आणि १७९५ मध्ये, सुटकेनंतर थोड्याच काळात, वारला.